न फुटणारी पुरणपोळी: डाळ भिजवण्यापासून तव्यापर्यंत

होळीच्या आठवड्यात मला दरवर्षी तेच फोटो येतात. तव्यावर पोळी, तिच्या पोटातून बाहेर आलेलं पुरण, कडेला जळालेला गूळ आणि खाली प्रश्न: "लाटताना काय चुकलं?" बहुतेक वेळा लाटताना काहीच चुकलेलं नसतं. चूक आदल्या दिवशी कुकरमध्ये झालेली असते, नाहीतर परातीत कणीक भिजवताना.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा, कारण पुढचा प्रत्येक टप्पा तिच्यासाठीच आहे. पुरण आणि कणीक बोटाला सारखीच मऊ लागली पाहिजेत. पुरण घट्ट आणि कणीक सैल असेल तर पुरणाचा गोळा मधेच बसून राहतो आणि नुसती कणीक कडेला पळते. पुरण सैल आणि कणीक घट्ट असेल तर पुरण वाट काढून बाहेर येतं. दोन्ही लाटण्याखाली एकदमच पसरली तर नवशिक्या हाताचीही पोळी फुटत नाही.

इथे मी हरभऱ्याच्या डाळीची, गुळाची आणि पिठीवर लाटायची पोळी सांगतेय. तेलपोळी किंवा खानदेशातले खापरावरचे मांडे यांची कणीक वेगळी आणि हातही वेगळा. त्यातल्या युक्त्या यात मिसळल्या की गोंधळ होतो.

साहित्य (साधारण १२ पोळ्या)

पुरणासाठी: हरभरा डाळ २५० ग्रॅम, साधा मऊ गूळ २२५ ते २५० ग्रॅम, एका जायफळाचा पाव भाग किसून, वेलची पूड एक लहान चमचा, चिमूटभर मीठ, एक चमचा तेल.

कणकेसाठी: गव्हाचं पीठ ११० ग्रॅम, मैदा ११० ग्रॅम, पाव चमचा मीठ, चिमूटभर हळद, पाणी साधारण दीडशे मिली, तेल तीन ते चार मोठे चमचे.

शिवाय लाटायला तांदळाची पिठी आणि वरून सोडायला साजूक तूप.

गूळ वजनावर घ्या. "एक वाटी डाळीला एक वाटी गूळ" हे प्रमाण पिढ्यानपिढ्या चालत आलंय, पण वाटीत जाडसर चिरलेला गूळ वेगळा मावतो आणि दाबून भरलेला किसलेला गूळ वेगळा. डाळीच्या वजनाइतका गूळ घेतला की नेहमीची गोडी येते. कमी गोड हवं असेल तर दोनशे ग्रॅमपर्यंत खाली या, त्याखाली नको. पुरणाला बांधून ठेवायचं काम गुळाचंच असतं.

सावधान: चिक्कीचा गूळ पुरणाला चालत नाही. तो चिकट असतो, आटला की ताठर होतो, आणि थंड झाल्यावर पुरण चामट लागतं. एकदा घाईत दुकानदाराने दिला तो मी न बघता वापरला. बारा पोळ्यांचं पुरण लाटण्याखाली दबेचना. दुकानात "पुरणाला हवाय" असं स्पष्ट सांगून गूळ मागा.

कामांचा क्रम

सणाच्या सकाळी सगळं एकदम करायला जाऊ नका. आदल्या संध्याकाळी पुरण करून ठेवा. सकाळी उठल्यावर आधी कणीक भिजवा, मग बाकीचा स्वयंपाक. तेवढ्यात कणीक दोन तास मुरते. पुरण फ्रिजमध्ये ठेवलं असेल तर कणीक भिजवतानाच बाहेर काढा. फ्रिजमधलं गार पुरण दगडासारखं असतं आणि मऊ कणकेला आतून फाडतं. पुरण उत्तम आणि कणीक उत्तम असूनही पोळ्या फुटल्या, असं कुणी सांगितलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते: पुरण गार होतं का?

टप्पा १: डाळ शिजवणे

१. डाळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन दोन तास भिजत घाला. भिजवलेलं पाणी टाकून द्या.

२. कुकरमध्ये आत भांडं ठेवून, डाळीच्या अडीच ते तीन पट ताजं पाणी घालून, चमचाभर तेल टाकून शिजवा. भांडं निम्म्याहून जास्त भरू नका. हरभऱ्याच्या डाळीला फेस फार येतो.

३. पहिली शिट्टी झाली की आच मंद करा आणि पंधरा ते वीस मिनिटं ठेवा. वाफ आपोआप जिरू द्या.

तपासा: डाळीचा एक दाणा घेऊन अंगठा आणि बोटात दाबा. त्याचं लोणी झालं पाहिजे. मधे बारीकशी कणी लागली तर परत कुकर लावा. दहा दाणे वेगवेगळ्या जागचे घ्या, वरवरचे नको.

इथे आळस केला तर पुढे उपाय नाही. गूळ पडला की डाळ शिजायची थांबते, मग ती कितीही वेळ आटवा. ती राहिलेली कणी पुरणयंत्रातून कशीबशी निसटते आणि लाटताना कणकेच्या पातळ पापुद्र्याला टोचते. पोळीला सुईएवढं भोक पडतं, त्यातून वाफ आणि मागोमाग पुरण. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजायला हटून बसते. तुमच्याकडे तसं असेल तर भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं गाळलेलं पाणी घ्या. खूप जुनी डाळही अशीच त्रास देते, तिला चार तास भिजवा.

टप्पा २: डाळ निथळणे

शिजलेली डाळ चाळणीत ओता, खाली पातेलं ठेवा, आणि वीस मिनिटं तिला हात लावू नका. खाली जमलेला कट आमटीसाठी बाजूला काढा. पाण्यासकट डाळ गुळात घातली तर ते पाणी आटवण्यात अर्धा तास जातो, आणि तेवढ्या वेळात गूळ करपतो किंवा जास्त शिजून चिवट होतो.

टप्पा ३: पुरण शिजवणे

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून सावकाश वाचा.

१. जाड बुडाच्या पातेल्यात निथळलेली डाळ घ्या, पळीच्या पाठीने थोडी मोडून घ्या. चिरलेला गूळ आणि मीठ घाला. मध्यम आच.

२. पाच मिनिटांत गूळ विरघळेल आणि सगळं पातळ आमटीसारखं दिसेल. घाबरू नका. ते तसंच व्हायला हवं. या क्षणी घाबरून बेसन, कॉर्नफ्लॉवर किंवा सुकी डाळीची पूड घालणारे लोक मी पाहिलेत. त्याने पुरण घट्ट दिसतं, पण कच्चट लागतं आणि थंड झाल्यावर दगड होतं.

३. बुडापासून ढवळत राहा. पुरण रटरट करायला लागलं की थेंब उडतात आणि गुळाचा थेंब हाताला चिकटून भाजतो. लांब दांड्याचा कालथा घ्या, मुलांना ओट्यापासून लांब ठेवा.

४. साधारण पंधरा-वीस मिनिटांत पुरण कडा सोडू लागेल आणि ढवळताना पातेल्याचा बूड क्षणभर दिसेल. आता आच मंद.

तपासा: जुनी खूण अशी की कालथा पुरणात उभा केला तर उभा राहावा. ती बरोबर आहे, पण गरम पुरण फसवतं. म्हणून दुसरी तपासणीही करा. चमचाभर पुरण ताटलीत काढा, पूर्ण निवू द्या, आणि त्याची गोळी वळा. गोळी हाताला न चिकटता वळली आणि बोटाने सहज दबली, तर झालं. तळहाताला चिकटली तर अजून तीन-चार मिनिटं. वळताना चिरली तर जास्त आटलंय. एक-दोन चमचे गरम दूध घालून, एकजीव होईपर्यंत हलवा.

पुरण निवताना आणखी घट्ट होतं. त्यामुळे गरम असताना "अगदी हवं तसं" वाटलं, तर थंड झाल्यावर ते जास्त झालेलं असतं. आच बंद करताना ते हव्या असलेल्या घट्टपणापेक्षा किंचित सैल असू द्या.

जायफळ आणि वेलची आच बंद केल्यावरच घाला.

टप्पा ४: पुरण वाटणे

पुरणयंत्राला बारीक जाळी लावा आणि पुरण गरम असतानाच फिरवा. गार पुरण जाळीतून जात नाही, हात दुखतो आणि मग लोक "चालेल एवढं" म्हणून जाडसरच ठेवतात. यंत्र नसेल तर पिठाची स्टीलची चाळणी उलटी धरून वाटीच्या बुडाने पुरण घासा. वेळ लागतो, पण काम तितकंच चांगलं होतं.

मिक्सरच वापरायचा असेल तर क्रम बदला: निथळलेली डाळ गूळ घालण्यापूर्वीच, कोमट झाल्यावर, थांबून थांबून फिरवा आणि मग गुळाबरोबर शिजवा. गूळ घातलेलं पुरण मिक्सरमध्ये लगदा होतं. वाफाळती डाळ बंद भांड्यात फिरवली तर झाकण उडतं, तेही लक्षात असू द्या.

वाटलेलं पुरण ताटात पसरून निववा. झाकण लावून निववू नका, वाफेचं पाणी परत पुरणात पडतं.

टप्पा ५: कणीक

पुरणावर सगळे मेहनत घेतात आणि कणीक पोळ्यांची असते तशीच भिजवतात. रोजच्या पोळीची कणीक इथे चालत नाही, ती फार घट्ट असते.

१. गव्हाचं पीठ मैद्याच्या बारीक चाळणीने चाळा. वर राहिलेला कोंडा बाजूला ठेवा, दुसऱ्या दिवशी भाकरीच्या पिठात जाईल. कोंड्याचे पापुद्रे ताणलेल्या कणकेत भोकं पाडतात.

२. पीठ, मैदा, मीठ, हळद एकत्र करा. पाणी घालत सैलसर भिजवा, हाताला चिकटेल इतकी. तेल अजून नको. तेल आधी पडलं तर पीठ पाणी नीट पीत नाही आणि कणकेला तार येत नाही.

३. वीस मिनिटं झाकून ठेवा. मग चमचा-चमचा तेल घेत दहा मिनिटं तिंबा. ओढा, दुमडा, परत दाबा. आधी चिकट, मग गुळगुळीत, मग रबरासारखी होईल.

४. वरून चमचाभर तेल सोडून, झाकून दोन तास मुरू द्या. चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात तीन-चार तासांच्या पुढे बाहेर ठेवू नका, आंबूस वास येतो.

तपासा: लिंबाएवढा गोळा घेऊन दोन हातांनी हळू ओढा. वीतभर ताणला गेला पाहिजे. पटकन तुटला तर पाण्याचा हात लावून परत तिंबा आणि अर्धा तास ठेवा. मग पुरणाचा एक गोळा आणि कणकेचा एक गोळा शेजारी ठेवून दोन्हींवर एकाच जोराने बोट दाबा. खळगा सारखाच पडायला हवा. नसेल तर जे घट्ट असेल ते सैल करा: कणकेला पाण्याचा हात, पुरणाला दुधाचा. पोळपाट मांडण्याआधीची ही दोन मिनिटं वगळू नका.

निम्मा मैदा शिकताना घ्यायचा. हात बसला की मैदा कमी करत नुसत्या गव्हाच्या पिठावर येता येतं. परदेशात राहणाऱ्यांनी पाकीट बदललं की पाणी नव्याने ठरवावं. प्रत्येक पीठ वेगळं पाणी पितं.

टप्पा ६: उंडा भरणे

उंडा म्हणजे पुरण भरलेला कणकेचा गोळा. पुरणाचे साधारण साठ ग्रॅमचे बारा गोळे आधीच वळून ठेवा. कणकेचा गोळा तीस-पस्तीस ग्रॅमचा, म्हणजे पुरण कणकेच्या जवळजवळ दुप्पट. पहिल्यांदा करत असाल तर पुरण थोडं कमी करून दीडपटीवर ठेवा. त्याहून कमी करू नका. पुरण फार कमी भरलं की कडा कोऱ्या राहतात आणि पोळी साध्या पोळीसारखी वातड होते. विदर्भात तर जाड, गच्च भरलेली पोळी आवडीने खातात.

१. बोटांना तेल लावा. कणकेचा गोळा तळहातावर घेऊन त्याची वाटी करा. कडा पातळ, मध्य जाड. उलटं झालं, म्हणजे मध्य पातळ झाला, तर पोळी बरोबर मधेच फाटते.

२. पुरणाचा गोळा आत बसवा. अंगठ्याने पुरण खाली दाबत, दुसऱ्या हाताच्या बोटांनी कणीक वर ओढत जा. मोदकाच्या पाऱ्या वर आणतो तसं, पण कळ्या न पाडता.

३. तोंड मिटा, वर आलेलं कणकेचं टोक चिमटीने तोडून टाका. ते तसंच दाबून टाकलं तर तिथे जाड, कच्चा गोळा राहतो.

४. आत हवा राहिली असेल तर उंडा फुगीर आणि पोकळ लागेल. तोंड थोडं उघडा, हलक्या हाताने दाबून हवा काढा आणि परत बंद करा.

एका वेळी दोन-तीनच उंडे भरा. बारा भरून ठेवले तर शेवटच्या उंड्यांची कणीक पुरणाचा ओलावा ओढून गळू लागते.

टप्पा ७: लाटणे

पोळपाटावर स्वच्छ सुती कापड ताणून बांधा. त्यावर पिठी चोळा, पोळी चिकटत नाही.

१. उंडा पिठीत दोन्ही बाजूंनी घोळवा, तोंडाची बाजू खाली ठेवा.

२. लाटणं लगेच उचलू नका. आधी बोटांनी मधून कडेकडे दाबत त्याची तळहाताएवढी जाड चकती करा. पुरण कडेपर्यंत पोचवायचं काम बोटं करतात, लाटणं फक्त पातळ करतं.

३. आता लाटणं हलकं धरा. मधून कडेला जा, कडेवरून खाली उतरू नका. कड चेपली की तिथलं पुरण मागे सरतं आणि कोरी झालर राहते.

४. पोळी उलटत बसण्यापेक्षा कापडासकट पोळपाट फिरवा. उलटायचीच असेल तर चकती लहान असताना एकदाच.

पुरण कुठे दिसायला लागलं तर तिथे चिमूटभर पिठी दाबा आणि त्या भागावर लाटणं परत नेऊ नका. गव्हाचं पीठ लाटायला घेऊ नका, ते कणकेत मिसळतं आणि तव्यावर लवकर जळतं.

उचलण्यापूर्वी वरची जास्तीची पिठी मऊ ब्रशने किंवा कापडाने झटका. मग पोळीची एक कड लाटण्यावर घेऊन हलकेच गुंडाळा आणि तव्यावर उलगडत सोडा.

टप्पा ८: भाजणे

लोखंडी किंवा बिडाचा जाड तवा चांगला. पातळ तव्यावर एका जागी डाग आणि शेजारी कच्चं, असं होतं.

तपासा: तवा तापल्यावर चिमूटभर पिठी टाका. ती लगेच तपकिरी झाली तर तवा जास्त तापलाय, आच कमी करून मिनिटभर थांबा. परदेशात कॉइलच्या शेगडीवर आच कमी केली तरी कॉइल बराच वेळ तापलेली राहते, तिथे तवाच उचलून बाजूला धरावा लागतो.

पोळी मध्यम आचेवर टाका. वरच्या बाजूचा रंग बदलून लहान फुगे येईपर्यंत हात लावू नका. मग रुंद उलथन्याने एका झटक्यात उलटा. दुसऱ्या बाजूला सोनेरी डाग पडले की तूप सोडा, परत एकदा उलटा आणि तूप लावून उतरवा. एवढंच. चार-चार वेळा उलटलेली पोळी फाटतेच. पोळी फुगली तर उलथन्याने दाबू नका. आतली वाफ सर्वात पातळ जागेतून बाहेर येते आणि पुरण सोबत आणते.

पोळी तव्यावर फुटलीच तर त्या जागी पिठी भुरभुरा, ती बाजू पूर्ण सुकू द्या आणि मगच उलटा. उतरवल्यावर तवा घडी केलेल्या सुती कापडाने पुसा, कापड चिमट्यात धरून. मागचा जळका गूळ पुसला नाही तर पुढची पोळी तिथेच चिकटते. प्रत्येक पोळीनंतर जळलेली पिठीही अशीच पुसायची.

टप्पा ९: ठेवणे

गरम पोळ्या एकावर एक रचू नका, घामेजतात आणि डब्यातून काढताना एकमेकींना चिकटून फाटतात. सुती कापडावर सुट्या पसरा, पूर्ण निवल्या की मग डब्यात, मधे कागद घालून. बाहेर एक दिवस ठीक, थंडीत दोन. नंतर फ्रिज. परत गरम करताना मंद तव्यावर, झाकण न ठेवता, बाजूने तूप सोडून. मायक्रोवेव्हमध्ये कणीक वातड होते.

पुरण उरलं तर हवाबंद डब्यात फ्रीजरमध्ये महिनाभर छान राहतं. वापरायच्या आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये, सकाळी ओट्यावर, आणि भरण्यापूर्वी पुन्हा ती बोटाची तपासणी.

पहिला प्रयत्न सणाच्या दिवशी करू नका. त्याआधीच्या एखाद्या रविवारी शंभर ग्रॅम डाळीचं पुरण करा, चार-पाच पोळ्या होतील. पहिल्या दोन थोड्या जाड आणि लहान लाटा, तिसरी मोठी. पोळी फुटली तर ती कुठे फुटली ते बघून ठेवा. मधे फाटली तर कणकेच्या वाटीचा मध्य पातळ होता. कडेला फुटली तर पुरण सैल आहे. बारीक भोकं पडली तर डाळीत कणी राहिलीय. कडा कोऱ्या राहिल्या तर पुरण घट्ट आहे किंवा बोटांनी पसरवायचं राहिलं.